भोंगा थांबल्यानंतर : मुंबईचा विकास आणि हाताला काम

(हुतात्मा बाबू गेनू स्मृतिदिनानिमित्त मध्य मुंबईतील एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)



१२ डिसेंबर १९३० चा दिवस. विलायती कापडाने भरलेली एक लॉरी पोलिसांच्या बंदोबस्तात काळबादेवीच्या रस्त्यावरून निघाली होती. ती अडविण्यासाठी सत्याग्रही पुढे आले. त्यांतला एक तरुण लॉरीसमोर आडवा झाला, तो उठलाच नाही. लॉरी त्याच्या अंगावरून गेली. पुणे जिल्ह्यातील महाळुंगे पडवळ या गावाहून पोट भरण्यासाठी मुंबईत आलेला आणि इथल्या गिरणीत राबणारा तो तरुण म्हणजे बाबू गेनू सैद. त्या वेळी तो विशीतला होता. आज स्वदेशी जागरण मंच १२ डिसेंबर हा दिवस स्वदेशी दिन म्हणून पाळतो, तो त्याच्या स्मरणार्थ.

बाबू गेनूने अर्थशास्त्राचे ग्रंथ वाचलेले नव्हते. परंतु ज्या हातांनी सूत काढले जाते, त्या हातांना एक गोष्ट चांगली कळत होती. परदेशी कापडाचा एक तागा बाजारात खपला की इथल्या एका साच्याचे काम तेवढे कमी होते. त्याच्या दृष्टीने स्वदेशी म्हणजे शेजारच्या माणसाच्या हाताला काम.

या बलिदानाला जेमतेम बावन्न वर्षे झाली आणि ज्या गिरणगावाने बाबू गेनूला पोसले, त्या गिरणगावाचे भोंगे एकामागून एक थांबू लागले. या वेळी राज्य इंग्रजांचे नव्हते. देश स्वतंत्र होता, सरकार आपले होते, मालक आपले होते, पुढारीही आपलेच होते. तरीही सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संसार रस्त्यावर आला. हे कसे घडले, त्यानंतर शहरात जो विकास झाला तो कोणाच्या वाट्याला आला, आणि मुंबईच्या किनाऱ्यावर पुन्हा एकदा मोठे बदल होत असताना तीच चूक टाळता येईल काय, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

बंदराने घडविलेले शहर

मुंबई ही प्रथम बंदर आहे, नंतर शहर. लवजी नसरवानजी वाडिया या पारशी जहाजबांधणी कारागिराने १७५० च्या सुमारास इथे गोदी उभारली. पुढे वाडिया घराण्याने मलबारच्या सागाची अशी जहाजे बांधली की इंग्रजांच्या आरमारानेही ती मागवून घ्यावीत. १८१७ साली मुंबईत बांधलेले 'त्रिंकोमाली' हे जहाज आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगते आहे. या देशातील कारागिरी कोणत्या दर्जाची होती, याची ती दोनशे वर्षांची साक्ष आहे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली आगगाडी धावली. पुढच्याच वर्षी, १८५४ साली, कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेव येथे सूतगिरणीची कंपनी स्थापन केली. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिथला कापूस मिळेनासा झाला, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्या भारताच्या कापसाकडे वळल्या आणि मुंबईत पैशाचा पूर आला. १८६९ मध्ये सुवेझचा कालवा खुला झाला. १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला, १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजचा इंदिरा डॉक, सुरू झाला.

ही सनावळी सांगण्याचे कारण एवढेच की, बंदर, रेल्वे आणि गिरणी ही तीन वेगवेगळी प्रकरणे नव्हती. वऱ्हाड-खानदेशातील शेतकऱ्याचा कापूस रेल्वेने येई, गिरणीत त्याचे सूत व कापड होई, गोदीतून ते सूत चीनपर्यंत जाई. या साखळीच्या प्रत्येक कडीवर हजारो माणसे राबत. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांतील घराघरांतून एक तरी माणूस गिरणीत किंवा गोदीत होता. तो दहा बाय बाराच्या खोलीत पाळीने झोपे, खानावळीत जेवे आणि महिन्याच्या महिन्याला गावी मनिऑर्डर पाठवी. कोकणातील कित्येक घरांवरची कौले, कित्येक मुलांची शिक्षणे आणि कित्येक मुलींची लग्ने या मनिऑर्डरींवर झाली आहेत.

हे जग दुःखमुक्त मुळीच नव्हते. तेरा-चौदा तासांचे काम होते, मुकादमाची लाचखोरी होती, बदली कामगाराची अनिश्चितता होती. रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांमुळे १८९० साली रविवारची सुटी मिळाली, तोपर्यंत आठवड्याची हक्काची विश्रांतीही नव्हती. परंतु या कष्टांतून एक समाज उभा राहिला. गणेशोत्सव, भजनी मंडळे, व्यायामशाळा, नाटके, वाचनालये हे सारे गिरणगावाने आपल्या वर्गणीतून उभे केले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हाच गिरणी कामगार अग्रभागी होता. अर्थशास्त्राच्या पुस्तकात ज्याला रोजगार म्हणतात, तो प्रत्यक्षात किती गोष्टींना धरून ठेवतो, हे यावरून लक्षात यावे.

अडीच लाख हातांचे काय झाले?

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो अधिकृतपणे मागे घेतला गेलाच नाही, इतिहासात विरून गेला. त्यामुळे 'संपाने गिरण्या बुडविल्या' हे वाक्य सर्वांच्या सोयीचे झाले. ते पूर्ण सत्य नाही.

आजार जुना होता. अनेक मालकांनी नफ्याच्या काळातही यंत्रे बदलली नाहीत. साचे आजोबांच्या काळचे आणि नफा मात्र दुसऱ्या उद्योगात गुंतविलेला, अशी स्थिती होती. सरकारी धोरणाने पन्नाशीच्या दशकातच संघटित गिरण्यांतील साच्यांच्या वाढीवर बंधने घातली. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथे यंत्रमाग वाढले. त्यांच्यावर करांचा व कामगार कायद्यांचा भार कमी होता, म्हणून त्यांचे कापड स्वस्त पडे. यंत्रमागांनीही लाखो लोकांना काम दिले, हे खरेच. परंतु गिरणी कामगाराच्या पगाराला आणि निवृत्तिवेतनाला असलेले संरक्षण यंत्रमागावरच्या कामगाराला मिळाले नाही. काम एका गावातून दुसऱ्या गावात गेले आणि जाताना त्याची प्रतिष्ठा वाटेत गळून पडली.

कामगारांच्या बाजूनेही चुका झाल्या. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगात एकाच संघटनेला वाटाघाटीचा अधिकार दिला होता. ती संघटना कामगारांना आपली वाटेनाशी झाली आणि राग भलत्याच वाटेने बाहेर पडला. लढा किती ताणावा आणि कोठे थांबवावा, याचा विवेक नेतृत्वाला राहिला नाही. मालकाला तर संप म्हणजे पर्वणीच ठरली. तोट्यातली गिरणी चालविण्यापेक्षा बंद गिरणीची जमीन अधिक मोलाची, हा हिशेब त्याच काळात पक्का झाला. १९८३ साली केंद्र सरकारने १३ गिरण्या ताब्यात घेतल्या, पण त्यांत नवे भांडवल पुरेसे घातले नाही. मालक, सरकार, संघटना आणि नेतृत्व या चौघांनीही गिरणी कोणाची याचा वाद केला. गिरणी टिकली पाहिजे याची चिंता मात्र कोणी केली नाही.

दत्तोपंत ठेंगडी यांनी २३ जुलै १९५५ रोजी भारतीय मजदूर संघाची स्थापना केली, तेव्हा त्यांच्यापुढे हाच धोका होता. राष्ट्राचे औद्योगिकीकरण, उद्योगांचे श्रमिकीकरण आणि श्रमिकांचे राष्ट्रीयीकरण हे मजदूर संघाचे सूत्र त्यातूनच आले. उद्योग हा एक परिवार आहे, त्यात कामगार भागीदार आहे आणि दोघांच्याही वर राष्ट्रहित आहे, ही त्यामागची धारणा. मालकाची मनमानी आणि वर्गसंघर्षाचा उन्माद या दोहोंना त्यात स्थान नाही. गिरणगावात हा विचार बहुसंख्यांपर्यंत वेळेवर पोहोचला नाही, ही गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. विचार बरोबर असून भागत नाही, त्याला चाळीचाळीत कार्यकर्ता लागतो.

संपानंतर काय झाले? कोणी गावी परतले, कोणी भाजीची हातगाडी लावली, कोणी रखवालदार झाले. चाळीस वर्षांचा कुशल विणकर साच्यावरून उठला, तेव्हा त्याच्या कौशल्याला बाजारात किंमत उरली नाही. १९९२ साली राष्ट्रीय नवीकरण निधी स्थापन झाला. आजारी उद्योगांतील कामगारांना नवे प्रशिक्षण द्यावे, हा त्याचा एक उद्देश होता. प्रत्यक्षात निधीचा मोठा भाग स्वेच्छानिवृत्तीची रक्कम देण्यात खर्च झाला. माणसाच्या हाती पैसे दिले, काम दिले नाही. ते पैसे मुलीच्या लग्नात, आजारपणात आणि कर्जफेडीत संपले.

या काळात घर सावरले ते स्त्रियांनी. गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांना सावकाराच्या कचाट्यातून सोडविण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले होते. त्यांची विचारधारा वेगळी होती, परंतु काम अस्सल होते. बँकेचे छोटे कर्ज, सामुदायिक हमी आणि स्वतःच्या हातातले कौशल्य एवढ्या भांडवलावर या बायका उभ्या राहिल्या. मोठ्या योजना ज्या ठिकाणी फसल्या, त्या ठिकाणी हा लहान प्रयत्न यशस्वी झाला. त्याचे कारण असे की, जे काम त्या बायकांना येत होते, त्यालाच त्याने बळ दिले.

जमिनीचा भाव आणि माणसाचा भाव

मुंबईतील ५८ गिरण्यांची मिळून सुमारे ६०० एकर जमीन शहराच्या मध्यभागी होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने त्याची वाटणी ठरविली. गिरणीची जमीन विकसित करायची असेल तर ढोबळमानाने एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. १९९६ साली चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालील समितीने या सर्व जमिनींचा एकत्रित विचार करून आराखडा करावा, अशी दिशा दाखविली. ती बाजूला पडली. २००१ साली नियमात बदल झाला आणि वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती उरली. ज्या जमिनीवर शेड उभ्या होत्या, ती वाटणीतून वगळली गेली. प्रकरण न्यायालयात गेले. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल वैध ठरविला. कायद्याच्या दृष्टीने प्रश्न संपला. समाजाच्या दृष्टीने तो तिथूनच सुरू झाला.

एक उदाहरण पुरेसे आहे. लोअर परळ येथील सरकारी मालकीच्या मुंबई टेक्स्टाइल मिलची सुमारे १७ एकर जमीन २००५ साली ७०२ कोटी रुपयांना विकली गेली. सात वर्षांनी, २०१२ साली, तीच जमीन सुमारे २,७०० कोटी रुपयांना पुन्हा विकली गेली. या सात वर्षांत जमिनीचा भाव जवळजवळ चौपट झाला, आणि त्यासाठी तिथे सुताचा एक धागाही कातला गेला नव्हता.

याचा अर्थ गिरण्यांच्या जागी काहीच आले नाही, असा नाही. कार्यालये आली, वित्तसंस्था आल्या, जाहिरात, दूरचित्रवाणी आणि संगणक क्षेत्रातील कंपन्या आल्या. हजारो सुशिक्षित तरुण-तरुणींना तिथे चांगल्या नोकऱ्या मिळाल्या, त्यांत मराठी मध्यमवर्गीय घरांतील मुलेही आहेत. त्याचे स्वागतच केले पाहिजे. प्रश्न असा की, साच्यावरून उठलेल्या कामगाराच्या मुलाला त्या इमारतीत कोणत्या दाराने प्रवेश मिळाला? बहुतेकांना मिळाला तो सुरक्षारक्षक, सफाई कामगार, चहा पोहोचविणारा किंवा माल उचलणारा म्हणून, तोही कंत्राटी. बापाची नोकरी कायम होती, भविष्यनिर्वाह निधी होता, संघटना होती. मुलाला सहा महिन्यांचे कंत्राट मिळाले. शहराच्या आकडेवारीत रोजगार वाढला आणि त्या घरात मात्र तो घटला.

नियोजनाच्या अभावाची किंमत इतरांनीही मोजली. गिरणी कामगार चाळीतून चालत गिरणीत जाई. नव्या कार्यालयांतील कर्मचारी विरार, बदलापूर, पनवेलहून गाडीने येऊ लागला. स्थानके, जिने आणि पूल मात्र गिरण्यांच्या काळातलेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी एल्फिन्स्टन रोड आणि परळ स्थानकांना जोडणाऱ्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा मृत्यू झाला. बरोबर तीन महिन्यांनी, २९ डिसेंबर २०१७ रोजी, कमला मिलच्या आवारातील उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ जण दगावले. जमिनीचा विकास झाला, परंतु त्या जमिनीवर येणाऱ्या माणसांचा विचार झाला नाही.

कामगारांच्या घरांचेही तेच. म्हाडाच्या सोडती २०१२, २०१६ आणि २०२० साली निघाल्या. अर्ज दीड लाखांच्या घरात आणि सोडतीतली घरे काही हजार. मुंबईबाहेर शेलू, वांगणीकडे घरे देण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा कामगार संघटनांनी विरोध केला, तो समजण्याजोगा आहे. अर्ज करणारा कामगार सत्तरीच्या पुढे गेला आहे. अनेकांचे वारसच आता कागद घेऊन फिरत आहेत.

गोदीची वेगळी कथा

गिरण्या बंद पडल्या, गोदीचे तसे झाले नाही. गोदीतले काम हलले. पूर्वी जहाजातील पोती आणि गासड्या माणसांच्या टोळ्या पाठीवरून उतरवीत. एक जहाज रिकामे व्हायला कित्येक दिवस लागत. १९५६ साली अमेरिकेत पहिले कंटेनर जहाज निघाले आणि जगभराच्या बंदरांचे गणित बदलले. लोखंडी पेटी यारीने उचलली की ती थेट ट्रकवर. मुंबईच्या जुन्या गोद्यांना ना तेवढी खोली होती, ना मागे तेवढी मोकळी जागा. त्यामुळे २६ मे १९८९ रोजी खाडीपलीकडे न्हावाशेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. पुढे देशातील प्रमुख बंदरांतून होणाऱ्या कंटेनर वाहतुकीपैकी जवळजवळ निम्मी वाहतूक या एका बंदरातून होऊ लागली.

हे बंदर आणि नवी मुंबई ज्या जमिनीवर उभी राहिली, ती आगरी-कोळी शेतकऱ्यांची आणि मिठागरांची जमीन होती. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात भूमिपुत्रांच्या आंदोलनावर गोळीबार झाला, पाच जण हुतात्मे झाले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. तिच्या अंमलबजावणीत दिरंगाई आणि दलाली, दोन्ही शिरली. तरीही तिच्यातील तत्त्व महत्त्वाचे आहे. ज्याची जमीन गेली, तो विकासाचा भागीदार झाला पाहिजे, नुसता नुकसानभरपाईचा धनी नव्हे. गिरणी कामगाराला कोणी अशा भागीदारीचा हक्क दिला नाही.

मुंबईच्या बाजूलाच आणखी एक उदाहरण आहे. माझगाव गोदीची परंपरा अठराव्या शतकातली. १९६० साली ती सरकारी मालकीची झाली. गिरण्यांच्या शेडवर बुलडोझर फिरत असताना याच किनाऱ्यावर युद्धनौका बांधल्या जात होत्या. १५ जानेवारी २०२५ रोजी 'सुरत' ही विनाशिका, 'निलगिरी' ही फ्रिगेट आणि 'वाघशीर' ही पाणबुडी अशी तीन जहाजे एकाच दिवशी नौदलात दाखल झाली. तिन्ही माझगावात बांधलेली. या गोदीची स्वतःची शिकाऊ उमेदवारांची शाळा आहे. वेल्डर, फिटर, पाइप फिटर, इलेक्ट्रिशियन असे हाताचे कसब तिथे शिकविले जाते. मुंबईत उद्योग टिकूच शकत नाही, जमीन फार महाग आहे, कामगार फार महाग आहे, असे सांगणाऱ्यांना माझगाव हे उत्तर आहे. कौशल्याचा दर्जा वाढत गेला, कामाला राष्ट्रीय प्रयोजन मिळाले आणि मागणी टिकली, म्हणून उद्योग टिकला. प्रत्येक गिरणी अशी वाचली असती, असे म्हणता येणार नाही. पण वाचविण्याचा असा प्रयत्न किती गिरण्यांत झाला?

दुसरी संधी

सज्जनहो, इतिहास पुन्हा दारात उभा आहे. शिवडीपासून कुलाब्याच्या दिशेने पसरलेली बंदराची जमीन सुमारे १,८०० एकर आहे. त्यात जुनी गोदामे आहेत, दारूखान्यातील भंगार व्यवसाय आहे, भाऊचा धक्का आहे आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या पोट भरणारी हजारो कुटुंबे आहेत. गिरण्यांच्या जमिनीच्या तिप्पट एवढ्या या जमिनीच्या पुनर्विकासाची चर्चा गेली अनेक वर्षे चालू आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावाशेवा हा अटल सेतू खुला झाला. त्यामुळे जुने बंदर आणि नवे बंदर यांच्यातील अंतर मिनिटांवर आले. उत्तरेला पालघर जिल्ह्यात ७६,२२० कोटी रुपये खर्चाच्या वाढवण बंदराला जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते त्याचे भूमिपूजन झाले. प्रत्येकी एक किलोमीटर लांबीची नऊ कंटेनर टर्मिनल्स तिथे नियोजित आहेत. देशाच्या दृष्टीने हे अभिमानाचे काम आहे. भारताचा माल परक्या बंदरांतील मोठ्या जहाजांवर चढवावा लागू नये, यासाठी खोल समुद्राचे बंदर हवेच.

परंतु लंडनचा अनुभव विसरता येत नाही. तिथल्या जुन्या गोद्या १९८१ पर्यंत बंद झाल्या. त्या जागेसाठी खास विकास मंडळ नेमले गेले, कॅनरी व्हार्फचे मनोरे उभे राहिले, नोकऱ्या आल्या. त्या नोकऱ्या आल्या वित्तक्षेत्रातील मंडळींसाठी. गोदीत ओझी उचलणारे आणि त्यांची मुले बाहेरून मनोऱ्यांकडे पाहत राहिली. श्रीमंत देशालाही हे आपोआप जमले नाही, मग ते मुंबईत आपोआप कसे जमेल?

पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५ मध्ये याच मुंबईत चार व्याख्यानांतून एकात्म मानवदर्शन मांडले. यंत्र हे माणसाचे सहायक असावे, प्रतिस्पर्धी नसावे, आणि काम करू शकणाऱ्या प्रत्येकाला काम मिळावे, हा त्या विचाराचा गाभा आहे. त्याचा अर्थ यंत्रांना किंवा कंटेनरला विरोध, असा होत नाही. नवे यंत्र आणताना जुन्या हाताचे काय, याचे उत्तर आधी तयार असले पाहिजे, असा त्याचा अर्थ होतो. अंत्योदयाची कसोटी लावायची तर प्रत्येक मोठ्या प्रकल्पाला तीन प्रश्न विचारावे लागतील.

पहिला प्रश्न : काम कोणाला मिळणार? वाढवणच्या परिसरातील मच्छीमारांनी या बंदराला दीर्घकाळ विरोध केला. त्यांची भीती विकासविरोधी म्हणून झटकून टाकणे सोपे आहे. त्यांच्या आणि वनवासी बांधवांच्या मुलांना बंदर सुरू होण्याच्या आधी यारीचालक, तंत्रज्ञ, सीमाशुल्क दलाल, लेखापाल, वाहतूक व्यवस्थापक म्हणून तयार करणे कठीण आहे. आणि कठीण तेच करावे लागेल. बंदर बांधून झाल्यावर प्रशिक्षण केंद्र उघडणे म्हणजे पाऊस पडून गेल्यावर पेरणीची तयारी करणे होय.

दुसरा प्रश्न : काम करणारा राहणार कोठे? बंदराच्या जमिनीवर काही बांधायचे असेल तर तिथे आज राबणाऱ्यांची घरे आणि त्यांच्या व्यवसायाची जागा आराखड्याच्या पहिल्या पानावर हवी. गिरणगावात ती शेवटच्या पानावर होती आणि मग तेवढे पानच फाटले.

तिसरा प्रश्न : तिथे काही निर्माण होणार काय? केवळ उपाहारगृहे आणि नदीकिनारी असावेत तसे विहारपथ यांवर शहर जगत नाही. जहाजदुरुस्ती, मत्स्यप्रक्रिया, शीतगृहे, सागरी तंत्रज्ञान, बंदराशी निगडित लघुउद्योग यांना या किनाऱ्यावर राखीव स्थान हवे. मोकळी हवा मुंबईकराला हवीच आहे, पण त्या हवेत फिरायला येण्याआधी त्याच्या हाताला काम हवे.

समाजाचे कर्तव्य

सरकारला प्रश्न विचारून समाजाची जबाबदारी संपत नाही. गिरणगाव बंद पडत असताना मध्यमवर्गाने काय केले? ज्यांच्या आजोबांनी गिरणीत हाडे झिजविली, त्या घरांतली शिकलेली मुले उपनगरांत गेली आणि चाळीतल्या शेजाऱ्याकडे पाठ फिरली. पांढरपेशा नोकरी म्हणजे प्रतिष्ठा आणि हाताचे काम म्हणजे कमीपणा, ही समजूत घराघरांत आजही आहे. मुलगा आयटीआयला गेला हे सांगताना आईचा आवाज खाली येतो. विश्वकर्म्याची जयंती राष्ट्रीय श्रमदिन म्हणून साजरी करणाऱ्या परंपरेला हे शोभणारे नाही.

कार्यकर्त्यांपुढे म्हणून काम स्पष्ट आहे. परळ, लालबाग, शिवडी, माझगाव, उरण, डहाणू या भागांतील प्रत्येक शाखेने आपल्या वस्तीतील अठरा ते पंचवीस वयाच्या किती तरुणांना काम नाही, याची यादी करावी. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा कारखान्यांना उमेदवार घ्यायला लावतो, त्या जागांची माहिती त्या तरुणांपर्यंत पोहोचवावी. अर्ज भरण्यास मदत करावी, अभ्यासिका चालवाव्यात, निवृत्त अभियंते आणि कारागीर यांना संध्याकाळी दोन तास शिकवायला बोलवावे. ज्यांच्याकडे दुकान, कारखाना, कार्यालय आहे, त्यांनी वर्षातून एका तरी मुलाला काम शिकवून उभे करावे. यातून वर्तमानपत्रात छापून येईल असे काही घडणार नाही. एखाद्या घरात पहिला पगार येईल, एवढेच. पण शहर अशाच घरांचे बनलेले असते.

बाबू गेनूने परदेशी कापडाची लॉरी अडविली, ती इथल्या माणसाच्या हातातले काम जाऊ नये म्हणून. आज लॉरीसमोर आडवे होण्याची वेळ नाही. आज वेळ आहे ती वस्तीतल्या एका तरुणाचा हात धरून त्याला कामाच्या दारापर्यंत नेण्याची. आजच्या सभेतून परतताना प्रत्येकाच्या मनात असा एक तरुण निश्चित झालेला असेल, तर बाबू गेनूचे स्मरण सार्थकी लागले, असे म्हणता येईल.